चार इंजिनांच्या पुऱ्या

सुहासराव टिळेकरांचा माणसांवर विश्वास नव्हता, काट्यावर होता. वजनमापे खात्यात उभा जन्म निरीक्षक म्हणून काढल्यावर दुसरं काय होणार? तालुक्यातल्या प्रत्येक दुकानदाराने त्यांच्यापुढे चहा ठेवला होता आणि प्रत्येकाचा चहा निवेपर्यंत त्यांनी तराजूखाली हात घालून चाचपलं होतं. तूरडाळीच्या काट्याला चिकटवलेलं चुंबक, पंपावरच्या मापातली चलाखी, सोनाराच्या वजनांतली झीज, सगळं त्यांनी पकडलं. निवृत्त झाल्यावर पकडायला काही उरलं नाही, तेव्हा ते बायकोच्या चहातली साखर मोजायला लागले. वंदनाताई मनातल्या मनात म्हणायच्या, देवा, ह्यांना काहीतरी मोजायला दे रे, पण स्वयंपाकघराबाहेरचं दे.

देवाने माळशेतला विमानतळ दिला.

धावपट्टी गावाच्या पूर्वेला, आणि उतरणारी विमानं आनंदबन सोसायटीच्या डोक्यावरून, इतकी खाली की गच्चीवर वाळत घातलेले परकर फडफडायचे. दिवसाचं एक वेळ ठीक होतं. पण रात्रभर मालवाहू विमानं उतरायची आणि सगळं गाव सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी कामाला जायचं. खिडकीच्या गजांवर काळपट चिकट थर बसायचा. तक्रारी झाल्या, मोर्चा झाला. विमानतळाचं म्हणणं एकच, धूर आमचाच कशावरून? तुमच्या गावात टेंपो फिरत नाहीत का?

आणि खरंच, तोवर ते कुणाला सिद्ध करता येत नव्हतं. विमानाच्या धुरातले सर्वांत वाईट कण दिसतच नाहीत. माणसाच्या एका केसाच्या जाडीत ते सातशे-आठशे ओळीने उभे राहतील, इतके बारीक. फुप्फुसात गेले की तिथून थेट रक्तात उतरतात. त्यांना म्हणावं असं वजनही नसतं. त्यामुळे गाळणीवर धूळ धरून ती तोलणाऱ्या जुन्या यंत्रांना त्यांचा पत्ता लागत नसे. हे कण तोलायचे नाहीत, एकेक करून मोजायचे. नवं यंत्र नेमकं ते करायचं. हवा आत ओढायची, प्रत्येक कणाभोवती वाफेचा थेंब चढवून त्याला फुगवायचं, आणि तो लेसरच्या झोतातून गेला की आकडा एकने पुढे. वजन नसलेली वस्तू मोजता येते हे कळल्यावर सुहासराव दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

पण यंत्राची खरी करामत पुढेच होती. कण टेंपोचा की विमानाचा, हे ते वासावरून ओळखायचं. जेट इंजिनातला दांडा इतक्या वेगाने फिरतो की साधं वंगण त्यात जळून जाईल. म्हणून त्याच्या बेअरिंगांना एस्टर नावाच्या जातीचं, कारखान्यात मुद्दाम घडवलेलं तेल लागतं. त्यातलं थेंबभर धुराबरोबर निसटतं आणि कणांना चिकटतं. एस्टर सापडलं की कण विमानाचा. पंखांच्या टोकांपाशी जे भोवरे उठतात ते हा धूर दोन-तीन मिनिटांत जमिनीपर्यंत आणून सोडतात. वारा कुठून, वर नुकतं कोण गेलं, याची सांगड घालून यंत्र थेट त्या विमानाचं नाव सांगायचं आणि त्याला ठिपका द्यायचं, हिरवा, पिवळा नाहीतर लाल. नाव जुळलं नाही, तर ‘अनोळखी’ म्हणून नुसत्या धुरावरून इंजिनं किती ते सांगायचं.

सरकारने त्यावर कायदा केला. ठिपका कंपनीच्या नावावर तर लागेलच, पण त्या वेळी ज्याच्या हाती विमान होतं त्या वैमानिकाच्याही नावावर लागेल, कारण इंजिनाला किती जोर द्यायचा ते त्याच्या हातात असतं. गावाची वर्षभराची सरासरी वाईट निघाली, तर मध्यरात्र ते पहाट विमानं बंद. यंत्राचं सरकारी नाव ‘घ्राण’ होतं. गावाने त्याचं नाकाडं केलं.

नाकाडं बसवायला प्रदूषण खात्याचा तरुण अभियंता तन्वीर मुलाणी आला. सर्वांत उंच गच्ची टिळेकरांची, आणि राखणदार म्हणून त्यांच्याइतका खडूस माणूस गावात दुसरा नव्हता.

“काका, गच्चीवर शेगडी, बंब, असलं काही?” मुलाणीने विचारलं.

“काही नाही. स्वयंपाकघर खाली आहे.”

ते खरंच होतं. खालच्या स्वयंपाकघरातल्या चिमणीचा पाइप भिंतीतून वर येऊन पाण्याच्या टाकीमागे उघडत होता, एवढंच सांगायचं राहिलं. आणि सांगायचं तरी काय? सुहासरावांच्या रक्तातली चरबी वाढल्यापासून त्या घरात तळण बंदच होतं. डॉक्टरांनी कढईच माळ्यावर टाका म्हणून सांगितलं होतं.

माळ्यावर टाकलेली कढई खाली यायची ती फक्त मृण्मयीसाठी.

मृण्मयी ही टिळेकरांची एकुलती एक मुलगी, एका विमान कंपनीत सहवैमानिक. नाकाडं बसून वर्ष होत आलं तेव्हा तिला माळशेतची फेरी मिळाली. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सव्वासहाचं विमान घेऊन ती माळशेतला यायची आणि मुक्कामाला घरी. वंदनाताईंच्या माहेरची रीत अशी, की प्रवासातून आलेल्या माणसाने दारात चप्पल काढली की आत तेलात काहीतरी पडलंच पाहिजे. गार झालेलं पुढे ठेवणं म्हणजे ‘तू कशाला आलीस’ असं विचारणं. म्हणून त्या फोनवर लेकीच्या विमानाचा ठिपका सरकताना बघत बसायच्या. ते गावाबाहेरच्या तळ्यावर आलं की गॅस पेटवायचा, आणि घराच्या डोक्यावर आलं की पहिली कोथिंबीर वडी तेलात सोडायची. उरलेल्या तळून होईतो लेक दारात यायची. शेजारणी म्हणायच्या, विमानतळाच्या घड्याळापेक्षा वंदनाताईंची कढई बरी.

आता पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. सुहासरावांच्या आलं नाही.

मृण्मयीला पहिला लाल ठिपका लागला तेव्हा ती हसली. दुसऱ्याला गप्प झाली. सहावा लागला त्या संध्याकाळी ती ताटावर बसली ती तोंड पाडूनच.

“सहा झाले,” ती म्हणाली. “कंपनीचं पत्र आलंय. कॅप्टनसाठी माझी निवड ठरली होती, ती दोन वर्षं पुढे ढकलली. दाद मागायची तर येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारपर्यंत.”

वंदनाताईंचा हात वडीवरच थांबला. मुलगी कॉलेजात असल्यापासून त्या एका शब्दासाठी झुरत होती, हे त्या घरात भिंतींनाही माहीत होतं.

“बाबा, तुमचं नाकाडं मला ओळखतं का हो?”

“यंत्राला नातीगोती नसतात,” सुहासराव म्हणाले.

“मुंबईला हिरवा, नागपूरला हिरवा, गोव्याला हिरवा. तेच विमान, तेच हात. इथे आलं की लाल!”

“मग इथे वेगळं काय करतेस ते शोध. उतरताना जोर कमी ठेवावा. मी परवा व्हिडिओत पाहिलं, नाक जरासं…”

“बाबा, तुम्ही स्कूटर स्टँडवरून काढताना दोनदा पाडता.”

“विषय स्कूटरचा नाही. तीस वर्षं मी हेच ऐकलं. ‘साहेब, माझंच माप कसं चुकतं?’ चुकतं म्हणून चुकतं!”

हे बोलायला नको होतं. मृण्मयी ताटावरून उठली. चुंबक लावणाऱ्या वाण्याच्या रांगेत बापाने बसवलं, हे तिला फार लागलं.

“आई, माझ्या वाटच्या वड्या त्या नाकाड्याला घाल,” ती म्हणाली आणि खोलीत गेली. वंदनाताई म्हणाल्या, “अहो, पोरीला जेवू तरी द्यायचं होतंत.”

पुढच्या मंगळवारी वंदनाताई भावाच्या मुलीच्या साखरपुड्याला गेल्या होत्या. मृण्मयीचं विमान गेलं आणि ठिपका हिरवागार लागला. सुहासरावांनी हर्षभराने तिला फोन केला. “बघ! सांगितलेलं ऐकलंस की नाही?”

“मी नेहमीसारखंच उतरवलं,” ती म्हणाली, आणि त्या रात्री घरी न येता हॉटेलवर राहिली.

शुक्रवारी वंदनाताईंनी समेटाची तयारी म्हणून दुप्पट वड्या थापल्या. विमान डोक्यावर आलं, पहिला घाणा पडला, आणि नाकाड्याने तांबडालाल ठिपका दिला. सुहासराव वरून खाली आले आणि टेबलाशी बसून दाराकडे बघायला लागले. सात वाजले, साडेसात झाले. अखेर वंदनाताईंनी फोन लावला.

“मी नाही आले आज,” मृण्मयी म्हणाली. “पाळी बदलून घेतली. विमान देसाई कॅप्टनने आणलं. बाबांना सांग, आता निवांत मोजा.”

वंदनाताई वड्यांच्या डोंगरापुढे मटकन बसल्या. सुहासराव मात्र वेगळंच काहीतरी बघत होते. बायको नव्हती, मुलगी होती, हिरवा. बायको आहे, मुलगी नाही, लाल. त्यांनी एक वडी उचलली. कागदावर टेकवली. कागदावर तेलाचा गोल डाग उमटला. मग ते उठले, गच्चीवर गेले, पाण्याच्या टाकीमागे वाकले आणि चिमणीच्या पाइपात हात घातला. आयुष्यभर परक्यांच्या तराजूखाली हात घालणाऱ्या माणसाला दिव्याखालचा अंधार पहिल्यांदाच लागला, आणि तो चांगला चिकट होता.

शनिवारी दुरुस्तीसाठी दुपारभर धावपट्टी बंद होती. आकाशात घारीशिवाय काही नव्हतं. सुहासराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“वंदना, तळ.”

“काय?”

“काहीही. तळ तू.”

“आणि डॉक्टर?”

“डॉक्टर गेला खड्ड्यात!”

असं वाक्य त्यांच्या तोंडून संसारात पहिल्यांदाच निघालं होतं. वंदनाताईंनी संधी सोडली नाही. आधी कोथिंबीर वड्या झाल्या. गच्चीवरून ओरडा आला, “विमान! अनोळखी विमान! दोन इंजिनं!” मग त्यांनी तिखटमिठाच्या पुऱ्या लाटल्या. पाचसहा पुऱ्या टम्म फुगून झाल्या असतील नसतील, वरून पुन्हा आवाज आला, “चार इंजिनं, वंदना! पुऱ्यांना चार इंजिनं!”

मुलाणीला तातडीने बोलावण्यात आलं. त्याने आकडे पाहिले, चिमणी पाहिली, पुरी खाल्ली आणि कपाळाला हात लावला.

“काका, शेंगदाण्याचं तेल हेही एस्टरच. जातभाईच म्हणा. विमानाचं तेल कारखान्यात घडवतात, हे शेतात घडतं, रसायनाची घडण तीच. कडकडीत तापलं की याचेही तसेच बारीक कण उडतात. हे यंत्र जिथे बनवलं त्या देशात थंडी अशी, की कुणी दारं-खिडक्या उघडून तळत नाही. त्यांनी याला तळणीचा वास शिकवलाच नाही.”

“म्हणजे काटा चुकीचा.”

“काटा चुकीचा नाही, काका. अडाणी आहे.”

“अडाणी काटा म्हणजे चुकीचाच काटा,” सुहासराव म्हणाले आणि खुर्चीत बसले.

बसण्याचं कारण होतं. सोमवारी दोन गोष्टी एकाच सभागृहात व्हायच्या होत्या. मृण्मयीच्या दाद मागण्याची मुदत त्या दिवशी संपत होती, आणि त्याच दिवशी, याच नाकाड्याच्या वर्षभराच्या आकड्यांवर, रात्रीची विमानं बंद करण्याचा निकाल लागायचा होता. संध्याकाळी पुऱ्यांची बातमी ऐकून नागरिक समितीचे अध्यक्ष बाळासाहेब कुंजीर धावत आले. त्यांचं किराणा दुकान होतं, आणि रात्रीच्या विमानांपायी त्यांची म्हातारी आई गेलं वर्षभर पलंगावर बसून उजाडायची वाट बघायची.

“टिळेकर साहेब, तुमच्या पाया पडतो, गप्प बसा,” कुंजीर म्हणाले. “वड्या तळणं बंद करा, विषय मिटला.”

“आणि मृण्मयी?”

“दोन वर्षांनी होईल की कॅप्टन! वय काय पळून चाललंय तिचं? इथे अख्खं गाव जागतंय. माझी आई जागतीय, साहेब.”

कुंजीरांच्या आईला सुहासराव काकू म्हणत. ती माउली कधी खोटं दुखणं सांगणारी नव्हती. कुंजीर गेल्यावर ते बराच वेळ जिन्यात बसून राहिले.

“तुम्ही काय करणार?” वंदनाताईंनी विचारलं.

“गावाचं नुकसान होईल.”

“आणि पोरीचं होतंय ते?”

“तेच तर. मला ना, रडू येतंय, वंदना,” सुहासराव म्हणाले. आणि त्यांना खरंच रडू आलं. वंदनाताईंनी पदराने त्यांचे डोळे पुसले, आणि नवरा रडतोय या आश्चर्यात थोडं स्वतःचंही रडून घेतलं.

सोमवारी सुहासराव इस्त्रीचा शर्ट घालून सभागृहात उभे राहिले.

“माझ्या ताब्यातला काटा खोटा आहे,” ते म्हणाले. “मी राखणदार होतो. मीच तपासायला हवा होता. मी सगळ्या गावाचे तपासले, माझा नाही तपासला. माझ्या मुलीला लागलेले सहा ठिपके वड्यांचे आहेत.”

सभागृहात हशा उसळला. विमानतळाचे वकील तर उभे राहून हसले. सुनावणी अधिकारी बाईंनी पुरावा मागितला, तेव्हा अंगणात गॅस मांडला गेला. शेजारी नाकाडं ठेवलं, आणि वंदनाताईंनी अख्ख्या माळशेतच्या साक्षीने पुऱ्या तळल्या. नाकाड्याने चार इंजिनांचं विमान जाहीर केलं. बाईंनी आकाशाकडे पाहिलं, मग कढईकडे, आणि पुरावा म्हणून दोन पुऱ्या खाल्ल्या.

मृण्मयीचे ठिपके पुसले गेले. पण वकील आता हसत नव्हते. “चुकीच्या काट्यावरचं एकही माप ग्राह्य नाही,” ते म्हणाले.

“रात्री दोनला कोण तळतंय हो?” कुंजीर ओरडले.

त्यात तथ्य होतं, मुलाणीनेही ते मांडून पाहिलं. पण नियम होता तसा होता, आणि तो नियम दाखवून सुहासरावांनीच निम्म्या तालुक्याची वजनं जप्त केली होती. गावाची वर्षभराची मोजणी रद्द झाली. पहिल्यापासून पुन्हा मोजा, असा निकाल लागला.

त्यानंतर काही आठवडे टिळेकरांना गावात कुणी बोलवेना. पोरं त्यांना पुरीवाले आजोबा म्हणायला लागली. कुंजीरांच्या दुकानात गेले, तर कुंजीर साखर तोलताना काटा मुद्दाम त्यांच्याकडे वळवून ठेवायचे आणि तोंडातून चकार शब्द काढायचे नाहीत. सुहासराव मान खाली घालून पिशवी उचलायचे. काकूंची चौकशी करायची त्यांची हिंमत होत नव्हती.

गाडी रुळावर आणली ती मुलाणीने. नाकाड्याला तळण शिकवायचं ठरलं. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, तीळ, प्रत्येक तेलाची स्वतःची खूण असते. ती एकदा ओळखीची झाली की यंत्र हिशेबातून ती वजा करू शकतं. त्यासाठी सगळी तेलं, सगळे पदार्थ त्याच्यासमोर तळायला हवे होते. वंदनाताईंच्या एकटीच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं. आनंदबनातल्या बाया आपापल्या कढया घेऊन गच्चीवर आल्या. भजी झाली, कडबोळी झाली, शेव झाली. एवढं खाणार कोण म्हणून पुरुषही आले. दुसऱ्या दिवशी कुंजीर स्वतः तेलाचा डबा घेऊन वर आले आणि न बोलता भज्यांपाशी बसले. चौथ्या भज्याला म्हणाले, “टिळेकर साहेब, या वेळी काटा बरोबर ठेवा. आईला दुसरं वर्ष झेपेल, तिसरं नाही झेपायचं.”

“ठेवतो,” सुहासराव म्हणाले.

मोजणी पुन्हा सुरू झाली. आणि वैशाखातल्या एका मंगळवारी सव्वासहाचं विमान घेऊन कॅप्टन मृण्मयी टिळेकर माळशेतला निघाली. कॅप्टनच्या डाव्या खुर्चीतली तिची ही पहिली फेरी. वंदनाताई आज गॅसजवळ गेल्याच नाहीत. यंत्र शहाणं झालं असलं तरी त्यांचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. दोघं गच्चीच्या कठड्याशी उभे राहिले. ऊन कलतं होतं, आकाश लख्ख होतं. विमान तळ्याकडून वळलं, मोठं होत होत डोक्यावर आलं, आणि कधी नव्हे ते सुहासरावांनी दोन्ही हात वर करून हलवले.

मग ते नाकाड्यापाशी जाऊन बसले. मिनिटं गेली. ठिपका उमटला.

“पिवळा,” ते म्हणाले.

“काहीतरीच! मी काडी पेटवलेली नाही.”

“तळणीचा अंश शून्य दाखवतंय. विमानाचाच आहे.”

“मग पुसा तो. पहिला दिवस आहे तिचा.”

“पुसता येत नाही.”

“येत नाही की पुसत नाही?”

राखणदाराने आकडा मान्य केल्याशिवाय तो नोंदला जात नसे. सुहासरावांनी बटणावर बोट ठेवलं. त्यांना कुंजीरांची आई आठवली, ताटावरून उठलेली पोर आठवली, आणि त्यांनी बटण दाबलं. वंदनाताई तोंड फिरवून उभ्या राहिल्या. तेवढ्यात फोन वाजला.

“बाबा, उतरले. किती लागला?”

“पिवळा,” सुहासराव म्हणाले. “मी नोंदवला, मने. वड्या नव्हत्या आज. सगळा तुझाच आहे.”

वंदनाताईंनी फोनला कान लावला.

“हो, माझाच आहे,” मृण्मयी म्हणाली. “चाकं लवकर बाहेर काढली मी. चाकं बाहेर आली की हवा अडते, विमान मंदावतं. मग त्याला तोलून धरायला इंजिनाला जास्त जोर द्यावा लागतो. धूर वाढतो. ठाऊक होतं मला.”

“मग काढलीस कशाला?”

“दरवेळी आपलं घर येतं आणि भुर्रकन मागे जातं, बाबा. आज जरा हळू जायचं होतं वरून. गच्चीवर तुम्ही दोघं असाल असं वाटलं.”

वंदनाताईंनी फोन सुहासरावांच्या हातातून घेतला. “अगं, होतो ना! बाबांनी हात केला तुला. दोन्ही हात.”

“दिसले,” मृण्मयी म्हणाली. “त्यांना सांग, पिवळा राहू दे.”